मंडईच्या दुसऱ्या दिवशी

"पहा, पहा! माझीच खुर्ची वापरून राह्यली!" रीताबाई दाराआडून पुटपुटल्या.

आतमध्ये मयुरी पाचवीच्या पोरांना गोष्ट सांगत होती. मुखरू ढिवर रोज तलावातून मासोळ्या आणतो आणि सगळ्यात मोठी मासोळी आपल्या वैऱ्याच्या दारात ठेवून येतो. गोष्ट तिनं तिथंच तोडली आणि चैतूला खुर्चीत बसवलं. आता चैतू म्हणजे मुखरू.

"काऊन ठेवतं रे मासोळी?" पोरांनी त्याला विचारलं.

"त्यात इख असन!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मुखरू बोलते काय ते सोडा," मयुरी म्हणाली. "करते काय, ते पाहा."

आता हे वाक्यसुद्धा रीताबाईंचंच! गोष्ट अर्ध्यात तोडायची, पोराला पात्राच्या खुर्चीत बसवायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडायचं, हे त्या वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. कौतुकाला कुत्रं फिरकलं नाही. आणि ही आलापल्लीची पोरगी नोकरीला लागून वर्ष झालं नाही, तर त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून सगळं उचलून घेऊन गेली. आता म्हणे केंद्रप्रमुख साहेब पाठ बघायला येणार. त्यांना पसंत पडला तर मूल गावात तालुक्याच्या सगळ्या शिक्षकांसमोर मंचावर उभं राहायचं. त्या मंचावर एकदा तरी आपल्याला बोलवावं, एवढी एकच हौस रीताबाईंनी नोकरीभर जपली होती. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मधल्या सुट्टीत मयुरी डबा घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली.

"बाई, साहेबाचा फोन येईन तुमाले. दिवस तुमीच ठरवा."

"मी काऊन?"

"तुमी मोठ्या आहात ना." ती हसली. "अन् त्या दिवशी सुट्टी नका टाकू बरं. ती मोरपंखी साडी नेसून या."

म्हणजे नटूनथटून कोपऱ्यात बसायचं आणि हिचं कौतुक झालं की टाळ्या वाजवायच्या! वा रे वा! रीताबाईंनी डब्याचं झाकण खाडकन लावलं.

साहेबांचा फोन आला. रीताबाई गोड आवाजात म्हणाल्या, "गुरुवारी या, साहेब. पोरं एकदम ताजीतवानी राहतात."

बुधवारी गावात मंडई होती. मंडई म्हणजे दिवसा जत्रा आणि रात्री नाटक. पडदा पडतो तो पहाटे. तोवर अख्खं गाव जागतं, आणि पोरं तर पार मंचाला चिकटून बसतात. मयुरी मूलला खोली घेऊन राहायची, तिथून बसनं यायची. तिला यातलं काय कळणार?

तरी तिनं विचारलंच, "बाई, उद्या मंडई आहे म्हणतात. परवा पोरं येतीन ना?"

"येतीन ना! पोरायले काय धाड भरली?" रीताबाई म्हणाल्या. बोलताना जीभ जराही अडखळली नाही.

पोरं आली. येऊन झोपली. चैतू खुर्चीत बसल्या बसल्या डुलायला लागला. आचलनं बाकावर डोकं टेकलं ते उचललंच नाही. मयुरी जीव तोडून गोष्ट सांगत होती आणि मागच्या ओळीत कोणीतरी चक्क घोरत होतं.

"सांग ना मुखरू, मासोळी काऊन ठेवली?" तिनं चैतूला हलवलं.

चैतूनं एक डोळा उघडला. "नाटक सरलं का, मॅडम?"

रीताबाई मुद्दाम विटकी साडी नेसून आल्या होत्या. हसू दाबायला त्यांनी तिचाच पदर तोंडाशी धरला.

"राहू द्या, मॅडम," साहेब उठले.

मयुरीचे डोळे भरून आले. ती थेट रीताबाईंकडे आली. "बाई, माफ करा मले. माह्यामुळं सारं बिघडलं."

"असू दे, पोरी. होते असं," रीताबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कित्येक दिवसांनी त्यांच्या पोटात गार वाटलं होतं.

साहेबांना सोडायला त्या फाटकापर्यंत गेल्या. साहेबांनी मोटरसायकल चालू केली आणि परत बंद केली.

"लय वाईट वाटून राह्यलं, बाई. आज सांजेपर्यंत मूलले नाव कळवाचं आहे. आता बाजूच्या शाळेचं देतो."

"मयुरीले पुढच्या साली मिळन की, साहेब," रीताबाई उदारपणे म्हणाल्या.

"मयुरी मॅडमचं नाव होतंच कुठी?" साहेब म्हणाले. "'हे पोरायले शिकवणं रीताबाईचं आहे, मी फक्त सुरुवात करून देते, पुढचा पाठ त्याच घेतीन, मूलच्या मंचावर त्यायलेच उभं करा, पण तोवर त्यायले सांगू नका,' असं म्हणत ती पोरगी दिवाळीपासून माह्या मागं लागली होती."