मर्व्हचा मेट्रोनोम

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटमधला आमच्या ब्रास बँडचा हॉल सोन्याच्या जुन्या खाणीवर उभा आहे आणि एका बाजूने खचलाय. टेबलावर चहाचा मग ठेवला की तो आपणहून भिंतीकडे निघतो. ईस्टरच्या स्पर्धेत दरवर्षी आमचा ताल सुटतो आणि आम्ही शेवटचे येतो, म्हणून बँडमास्तर मर्व्हने चावीचा मेट्रोनोम, म्हणजे लोलक हलवत टकटक ताल देणारं यंत्र, आणून त्याच टेबलावर ठेवला.

"मर्व्ह, हा लंगडतोय हो," बँडमधली डॉरीन म्हणाली.

"तू लंगडतेस. गपचूप त्याच्याबरोबर वाजव."

ओठ सुजेपर्यंत आम्ही वर्षभर वाजवलं.

स्पर्धेच्या दिवशी स्टेजमागच्या सपाट टेबलावर मर्व्हने चावी दिली. टक, टक, टक. मेट्रोनोम अगदी सरळ चालू लागला.

 

"प्रवासात बिघडला लेकाचा," मर्व्ह सुस्कारा टाकून म्हणाला. "नशीब, ताल आपल्याला पाठ आहे. चला."