डाव्या बाजूची दोन बोटं

जुन्या स्पोर्ट्स कारला नवा रंग दिला की लोक वेडे होतात. माझा धाकटा भाऊही झाला होता, अशीच एक विकत घ्यायला निघाला होता. मला मात्र ती गाडी डावीकडे कललेली दिसत होती, आणि कारण सापडत नसल्यामुळे माझं डोकं उठलं होतं.

टायर आणि मडगार्डच्या मधली जागा मी बोटांनी मोजतो. उजवीकडे चार बोटं बसली, डावीकडे दोनच.

"स्प्रिंगा कोऱ्या आहेत," विकणारा म्हणाला. "जमीन वाकडी असेल."

मी गाडी वळवून उलटी उभी करायला लावली. टायरमधली हवा तपासली. तरी ती डावीकडेच कललेली. चालकाशेजारी कुणी बसलं की कलते, तेवढीच.

"दादा, पुरे! तुला तर आरशातही गंज सापडेल."

"अरे गाढवा, वळणावर उलटलास म्हणजे?"

चिडून मी डावं दार उघडलं, सीटखाली हात फिरवला. काहीच नव्हतं. मी मागे सरकलो, तशी स्प्रिंग कुरकुरली आणि गाडी सावकाश वर आली. अगदी सरळ.

"झालं समाधान?" भाऊ उडी मारून चालकाच्या जागी बसला. त्याच्या वजनाने उजवी बाजू खाली गेली.

मी पुन्हा डावीकडे वाकलो. चार बोटं आरामात आत गेली.

"चक्कर मारून येतो," भाऊ म्हणाला.

जवळ कुणीच नसताना डावं दार लागल्याचा आवाज झाला. माझ्या बोटांवर मडगार्ड हळूहळू खाली येऊ लागलं.