दोन लाल, एक निळा

उपांत्य लढतीच्या तिन्ही पंचांच्या चिठ्ठ्या टेबलावर उलगडल्या गेल्या. दोहोंवर लाल, एकीवर निळा. निळ्याखाली नव्या पंचबाईची सही होती.

मुष्टियुद्धाच्या त्या संघटनेत नियमच तसा होता. जो पंच इतर दोघांहून वेगळा पडे, त्याला पहिल्या वेळी लेखी समज मिळे. दुसऱ्या वेळी परवाना जाई. डोळ्याला इजा होऊन स्वतःचे खेळणे सुटल्यावर, सहा वर्षे खेटे घालून तिने हा परवाना मिळवला होता. समजपत्र घेताना तिचा चेहरा उतरला.

त्या लढतीत तिच्याबरोबर पंच असलेल्या अण्णांनी तिला पंचांच्या खोलीत बोलावले. ठोसा मोजताना नजर कोठे ठेवावी, येथपासून सारे तिला त्यांनीच शिकवले होते.

"लाल कोपऱ्यात संघटनेच्या सचिवांची पुतणी होती. दिसली नाही का तुला?"

"दिसली ना, अण्णा. मार खाताना दिसली."

अण्णांना हसू आले. ते त्यांनी गिळले. पाकिटातून एक पिवळा पडलेला कागद काढून त्यांनी तिच्यापुढे धरला.

"हे माझं समजपत्र. बावीस वर्षं झाली. तेव्हापासून कधी एकटा पडलो नाही. उद्या अंतिम सामना आहे. शहाणी हो."

"पण अण्णा, तुम्हाला कोण जिंकलेलं दिसलं?"

अण्णांनी कागदाची घडी केली आणि ते बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी पंच तेच तिघे होते. आपापल्या खुर्चीकडे जाताना अण्णांनी तिच्याकडे रोखून पाहिले. ती ताकीद आहे, असे तिने मानले. तिसरे पंच तर सचिवांच्या शब्दाबाहेर नव्हतेच.

निळ्या कोपऱ्यातील मुलीचे बूट चिकटपट्टीने बांधलेले होते. जिंकणारीला राष्ट्रीय संघात जागा होती, आणि वयाच्या अटीमुळे या मुलीचे हे अखेरचेच वर्ष होते. तिने तिन्ही फेऱ्या गाजवल्या. शेवटी सचिवांची पुतणी दोराला टेकून नुसती धापा टाकीत होती.

नव्या पंचबाईला आपले समजपत्र आठवले. डोळे मिटून तिने लिहिले : लाल.

"दोन लाल, एक निळा!" घोषणा झाली. निळ्या कोपऱ्यातील मुलीने आपला हात आधीच अर्धा उचलला होता. तो तसाच राहिला.

पंचबाईने दचकून तिसऱ्या पंचांकडे पाहिले. ते निवांतपणे चष्मा पुशीत होते. मग तिने अण्णांकडे पाहिले. अण्णा गळ्यातील पंचाचा टाय सोडीत होते.

ती धावतच त्यांच्यापाशी गेली. "अण्णा, तुम्ही?"

अण्णांनी टायची नीट घडी केली आणि तिच्या हातावर ठेवली.

"तू निळाच लिहिशील, या भरवशावर लिहिलं गं पोरी."