पाच दहाची भरती

तीन दिवसांत सात किल्ले.

अण्णांच्या डाव्या कानाचं ऐकण्याचं यंत्र. वाऱ्यात शिट्टी मारतं म्हणून काढून डबीत ठेवलेलं.

ताईच्या फोनमध्ये चारशे अकरा फोटो. एकातही धाकटा नाही. तो दर वेळी वडिलांच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकलेला.

वाळत घातलेली जाळी, निळी दारं, मांजरं. प्रत्येक गाव आधीच्या गावासारखं.

भरती : पाच वाजून दहा मिनिटांनी वाट पाण्याखाली.

“म्हणजे? अण्णा तुझ्याबरोबर नव्हते?” ताईनं विचारलं.

“मला वाटलं, तुला गाठायला पुढं गेले,” धाकटा म्हणाला.

बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात दोघं भाऊबहीण उभी होती. टेबलावर तीन कप होते. धाकट्यानं तिघांची कॉफी सांगून ठेवली होती. समोर समुद्रात किल्ला, आणि किल्ल्यापासून गावापर्यंत एक दगडी वाट. ओहोटीला उघडी पडणारी, भरतीला बुडणारी. साडेचार वाजले होते. वाटेच्या दोन्ही अंगांनी पाणी चढायला लागलं होतं.

ताई धावत सुटली. धाकटा तिच्या मागं.

वाटेच्या तोंडाशी फाटकवाला खुर्चीची घडी करत होता. ताईनं त्याला अण्णांचं वर्णन सांगितलं.

“टोपीवाले आजोबा? ‘इथं राजा राहायचा की भाडेकरू’ असं विचारणारे?”

“तेच. आमचे वडील. आत राहिलेत बहुतेक. ऐकूही येत नाही त्यांना.”

“नंबर?”

“एकोणीस,” धाकटा म्हणाला.

फाटकवाल्यानं अंगठ्यानं मागचा फळा दाखवला. फळ्यावर खिळ्यांच्या चार रांगा, प्रत्येक खिळ्याला पितळी बिल्ला.

“आत जाणाऱ्या प्रत्येकाला एक. बाहेर आलं की ज्याचा त्यानं आपल्या हातानं अडकवायचा. खिळा रिकामा दिसला, की मी होडी काढतो. कुणाला विचारत बसत नाही. आज एकही रिकामा नाही, बघा.”

एकोणीस नंबर आपल्या जागी होता.

“तुम्ही पाहिलंत त्यांना बाहेर येताना?” ताईनं विचारलं.

“चार-सव्वाचारला मोठा घोळका आला. तोंडं कुठं बघू? बाई, मी चुकेन, फळा चुकत नाही.”

“आणि आत कुणी राहिलंच तर?” धाकट्यानं विचारलं.

“वर बसून राहिला तर काही होत नाही. सकाळी चालत येतो. पण घाबरलेला माणूस बसत नाही. वाट दिसत असते ना, पाण्याखाली हातभर. उतरतो. आणि मध्यावर पाण्याला ओढ आहे.” त्यानं खुर्ची काखेत मारली. “फळा त्यासाठीच लावलाय.”

“तरी एकदा जाऊन या ना. माझ्या समाधानासाठी.”

फाटकवाल्यानं धाकट्याकडं पाहिलं. “तुम्ही सांगा. काढू होडी?”

धाकटा फळ्याकडं बघत राहिला.

“बिल्ला लागलाय, ताई. गावातच असतील कुठंतरी. इथं वेळ नको घालवूस.”

मग त्यांनी गाव पालथं घातलं. म्हणजे धाकट्यानं घातलं. ताई त्याच्या मागं धापा टाकत होती. शंख-शिंपल्यांची दुकानं. सार्वजनिक संडास. गाड्यांचा तळ. प्रत्येक बाकावरचा प्रत्येक म्हातारा. एका टोपीवाल्याच्या खांद्याला त्यानं हात लावला. तो वळला, तर भलताच निघाला.

“त्यांची सहाची गोळी?”

“माझ्या खिशात आहे.”

ताई एका पायरीवर मटकन बसली. “तू नऊ वर्षं सांभाळलंस रे. मी वर्षातून एकदा येते, फिरायला नेते, आणि एका दुपारी त्यांना हरवून बसते.”

“तू नाही हरवलंस. ऊठ.”

“काल मी म्हटलं त्यांना, या खेपेला माझ्याकडं चला. धाकट्याला जरा मोकळं होऊ द्या. काय म्हणाले माहितीय?”

“काय?”

“मेल्याशिवाय त्याची पाठ सोडणार नाही.” ताईला रडता रडता हसू आलं. “वर म्हणे, त्याच्या हातचं पाणीसुद्धा बेचव लागतं. तुझ्यावरच जीव आहे त्यांचा. नाहीतर इतकं टाकून कशाला बोलतील?”

धाकटा हसला नाही. बंदरावरच्या घड्याळाकडं त्यानं पाहिलं. पाचाला सात कमी. पुन्हा पाहिलं. अजूनही सातच कमी.

“मी परत फाटकाशी जाते,” ताई म्हणाली.

“वरची गल्ली राहिलीय.”

“ती झाली की आपली!”

“नीट नाही झाली. चल.”

दोघं वरच्या गल्लीत गेली. दार न् दार ठोठावलं. कुणी टोपीवाला पाहिला नव्हता. गल्लीच्या टोकाशी एक बाई उंबऱ्यावर बसून जाळं सांधत होती. तिथून सगळा समुद्र दिसायचा. वाट आता मधोमध तुटली होती, दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांत मिसळलं होतं.

बाईनं सुई थांबवली. डोळ्यांवर हात धरला.

“तिकडं कोण आहे हो? पाण्यात?”

कमरेइतक्या पाण्यात एक माणूस उभा होता. एका हातानं डोक्यावरची टोपी धरून तो गावाच्या दिशेनं चालायचा प्रयत्न करत होता.

ताईनं फोडलेली किंकाळी बंदरापर्यंत गेली असावी, कारण खाली फाटकवाला होडीकडं धावताना दिसला. होडी पाण्यात ढकलताना तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ओरडत होता. “फळा भरलेला होता! फळा भरलेला होता!”

ताई उतारावरून धावत सुटली. धाकटा धावला नाही. जाळंवाल्या बाईनं त्याला दंडाला धरून उंबऱ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि ती म्हणाली, “धीर धरा. होडी पोचेल.”

दुपारी चार वाजता वरच्या बुरुजावर, बाकावर बसल्या बसल्या अण्णांचा डोळा लागला होता, आणि धाकट्यानं त्यांच्या कोटाच्या खिशातून एकोणीस नंबरचा बिल्ला अलगद काढून घेतला होता.