हिरव्या पेनाचे शंभर

“सर, मला दरवेळी शंभरपैकी शंभरच कसे पडतात?”

विचारलं एकदाचं! पैजच होती तशी. कंपास आणि टाचणी या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी क्लासच्या दारातच अडवलं होतं, “हिंमत असेल तर सगळ्यांसमोर विचारून दाखव.” वर्षापूर्वी ती बाकाखाली लपली असती. पण उच्च गणिताच्या सराव परीक्षेत सलग सहा वेळा शंभर पडले की कुणालाही कंठ फुटतो.

सरांचं हिरवं पेन हवेतच थांबलं.

“का? कमी हवेत?”

वर्ग खदखदून हसला. सरही हसले, पण जरा उशिरा. मग खडू तिच्याकडे देत म्हणाले, “पाचवं उदाहरण तूच फळ्यावर सोडव. माझा घसा बसलाय.”

सरांचा घसा सत्र सुरू झाल्यापासून बसलेलाच होता. आपले लांबलचक पाय कसेबसे दुमडून ते शेवटच्या बाकावर बसले आणि नेहमीसारखी वही उघडली. मागून कसं दिसतं ते बघतो, म्हणायचे.

ती तोऱ्यात फळ्याकडे गेली.

घरी जाताना टाचणीने सुरुवात केली. “उत्तर दिलं का त्यांनी? नाही ना? कुठेतरी पाणी मुरतंय.”

“आणि पेपर संपला की सगळ्यांत आधी हिचाच उचलतात,” कंपास म्हणाली. “हिचा त्याच दिवशी घरी नेतात. आमचे बसतात दोन दिवस टेबलावर धूळ खात. शंभरी, बाई, तुझी शंभरी भरली!”

“जळता नुसत्या!”

“जळतो तर जळतो. पण क्लासचा फळा कोणी करून दिला? आणि ते पुस्तकांचं कपाट?”

फळा तिच्या बाबांनी केला होता. कपाटही. बाबा सुतार. त्यांच्या हातचं कपाट शंभर कपाटांत ओळखू यायचं.

खरी परीक्षा दीड महिन्यावर होती. त्या एका पेपरावर गणिताच्या कॉलेजचं दार उघडणार होतं, नाहीतर बंद होणार होतं. तिथे बाबांचं कपाट उपयोगी पडणार नव्हतं. सहा वेळचे शंभर खोटे असतील, तर आपल्याला गणित येतं तरी का?

घरी पोहोचताच ती थेट बाबांच्या कामाच्या खोलीत शिरली.

“बाबा, सरांना कपाट का दिलंत?”

रंधा थांबला. “त्यांना हवं होतं.”

“त्यांनी मागितलं?”

“तुला मन लावून शिकवतात, म्हणून दिलं. त्यात एवढं काय?”

“मग मला का नाही सांगितलंत?”

दारात आलेल्या आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी भुशाकडे.

“हातपाय धू आधी,” आई म्हणाली.

आता मात्र तिच्या डोक्यात किडा शिरला. सर आपला पेपर वाचतात तरी का, हे बघायचंच, तिने ठरवलं.

सातवी सराव परीक्षा आली. प्रश्न जुन्या पेपरांतले असायचे. त्यांची उत्तरं कुठेच छापलेली नसायची, ती सर स्वतः तयार करायचे. चौथं उदाहरण होतं वक्राखालच्या क्षेत्रफळाचं, चांगलं दोन पानांचं. उत्तर आलं बारा. तिने दोनदा ताडून पाहिलं. बाराच. मग शेवटच्या ओळीत तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, एकवीस. जिथे गणितातून पोहोचायचा काही रस्ताच नाही, असं उत्तर.

सरांनी तिचा पेपर सगळ्यांत आधी उचलला.

तीन दिवसांनी पेपर मिळाले. शंभर. एकवीसशेजारी बरोबरची टपोरी हिरवी खूण.

कंपास आणि टाचणी खऱ्या ठरल्या होत्या! हे मार्क तिचे नव्हतेच, कपाटाचे होते. आता घरी जाऊन बाबांना सांगायचं, आजच्या आज कपाट परत आणा. रडू आवरत ती जिना उतरली.

खालच्या पायरीवर कंपासच नाक पुसत बसली होती.

“नव्वद,” ती म्हणाली. “चौथं गेलं माझं. किती वेळा करून बघितलं, बाराच येतंय गं. तुझं बरोबर आलं असणार, काय आलं?”

तिने कंपासचा पेपर हातात घेतला. गणिताची पायरी न् पायरी बरोबर होती. खाली बारा. बारावर हिरवी फुली. आणि शेजारी सरांच्या वळणदार अक्षरात, चौकटीत लिहिलेलं खरं उत्तर.

एकवीस.

तिने ते दोनदा वाचलं.

“काय झालं गं?” कंपासने विचारलं. “अशी काय बघतेस?”

“तुझे शंभर आहेत,” ती म्हणाली. “तू हो पुढे.” आणि पुन्हा जिना चढून वर गेली.

ती घरी पोहोचली तेव्हा तास उलटून गेला होता. आई दारातच उभी होती, बाबा तिच्या मागे.

“कुठे होतीस? जीव टांगणीला लागला ना आमचा!”

“आई, बाबा, मी ठरवलंय. उद्यापासून क्लास बंद.”

“अगं, जेमतेम महिना राहिलाय परीक्षेला! डोकं फिरलं का तुझं?”

“कपाटावरून ना?” बाबा घाईघाईने म्हणाले. “चुकलं माझं. मी आत्ताच्या आत्ता घेऊन येतो ते.”

“कपाट राहू दे, बाबा. मला चार बाक हवेत. गणित आता आपल्याकडे, तुमच्या कामाच्या खोलीत. कंपास येईल, टाचणी येईल.” तिने दप्तरातून सरांचं हिरवं पेन काढून टेबलावर ठेवलं. “आणि पहिला बाक जरा उंच करा. मी शिकवत असताना सरांना पाय दुमडून लिहून घ्यावं लागतं.”