मूळ स्थिती

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीचे मालक हेमचंद्रराव यांनी जन्मात चुना विकत घेतला तो फक्त पानाला लावायला. चाळीच्या भिंतींना त्याचा वासही नाही. पहिल्या मजल्यावरच्या सुंदराबाईने पदरमोड करून मच्छीमारांकडून जाडजूड दोर आणला, भिंतीतून ओवला आणि दारापुढची निखळलेली लाकडी गॅलरी आपल्या खोलीतल्या तुळईला बांधून टाकली. तर या गृहस्थांनी तिच्यावरच दावा ठोकला: भाडेकरूने भिंतीला भोक पाडून माझ्या मिळकतीची नासधूस केली. कोर्टाने सांगितलं, खोली मूळ स्थितीत आणा, नाहीतर रिकामी करा.

मुदतीच्या दिवशी मालक बेलिफाला घेऊन आले आणि त्याच गॅलरीत ऐटीत उभे राहिले.

“सोड तो दोर, नाहीतर भांडी उचल!”

“सोडते की. पण मालक, तुम्ही जरा आत या.”

“माझ्या गॅलरीत मी कुठं उभं राहायचं, ते तू सांगणार?”

बेलिफ शहाणा, तो मुकाट्याने आत आला. बाईने गाठ सोडली, आणि गॅलरी मालकांसकट खाली गेली.

खोटं वाटेल, पण नेमका तेव्हा खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. ज्या मोर्चाला मालक रोज शिव्या घालत, त्याच्याच ताणलेल्या कापडी फलकात ते अलगद पडले, म्हणून वाचले.

“नासधूस! बघा बेलिफसाहेब, नासधूस!” ते तिथूनच किंचाळले.

सुंदराबाईने दारातून खाली वाकून पाहिलं.

“नासधूस कसली, मालक? मी राहायला आले तेव्हा गॅलरी तिथंच पडलेली होती.”