गवंड्याची गोटी

म्हाताऱ्या गवंड्यानं उमेदीत चंद्रालाही ओळंबा लावला होता म्हणे. तोही कललेलाच निघाला. आता त्याला शेवटपर्यंत सांभाळणारा वृद्धनिवास निवडायचा होता. प्रत्येक खोलीत तो जमिनीवर गोटी ठेवी. ती घरंगळली की नाक मुरडून बाहेर पडे. “बाबा, हा शेवटचा. नाहीतर गुमान माझ्याकडे यायचं,” लेकीनं दम भरला. जावयाच्या घोरण्यानं तिच्या घराला तडे गेले होते. गवंड्यानं धास्तावून गोटी ठेवली. ती सुसाट दाराबाहेर पळाली आणि व्हरांड्यातल्या एका आजीबाईंनी पायाखाली अडवली. “जमीन साफ वाकडी आहे,” गवंडी कुरकुरला. “म्हणून तर डाव रंगतो,” म्हणत आजीबाईंनी पिशवीतून मूठभर गोट्या काढल्या. “खेळता, की नुसतीच मापं काढता?” गवंडी गुडघेदुखी विसरून खाली बसला. “पोरी, माझं सामान आण,” तो नेम धरत म्हणाला, “ओळंबा घरीच राहू दे.”